दगडापलीकडचे शेजारी

१

बुधवारी आणि शनिवारी सकाळी डोरीन पाव भाजायची आणि कापडात गुंडाळून, गरम असतानाच, भावाच्या दाराशी नेऊन ठेवायची. दाराशी म्हणजे अगदी दारात नव्हे. क्लिफर्डच्या फाटकालगतच्या गडग्यावर, म्हणजे रचीव दगडांच्या कुंपणावर, एक रुंद फरशी बसवलेली होती, तिच्यावर. पाव ठेवायचा, अंडी, दूध, चहा जे काय आणलं असेल ते ठेवायचं, मागं सरायचं आणि घसा ताणून ओरडायचं, "ठेवलंय रे!" मग माडीवरच्या खिडकीच्या काचेवर आतून टकटक व्हायची. साहेबांना कळलं. मग डोरीननं पाठ फिरवून उतार धरायचा, आणि ती रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या लाल, काचांच्या खोक्याच्या वळणाआड गेली की क्लिफर्डनं बाहेर येऊन सामान उचलायचं.

साथीच्या पहिल्या वसंतात हे सुरू झालं तेव्हा विदरगिल या इंग्लंडमधल्या खेड्यात सगळेच असं वागत होते, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट क्लिफर्डनं त्यात गंमतच आणली. फरशीवर त्यानं एक बशी ठेवली, तिच्यात व्हिनेगर ओतलं आणि सामानाची नाणी तो त्यात बुडवून ठेवू लागला.

"हे काय नवीन खूळ?" डोरीननं लांबूनच विचारलं.

"नवीन कुठलं? प्लेगातली रीत आहे. वरच्या वाडीची माणसं दगडाच्या खळग्यात अशीच नाणी ठेवायची. रोग खाली जाऊ नये म्हणून."

"त्या बिचाऱ्यांना प्लेग होता. तुला नुसता आळस आहे."

"नाणी उचल आणि जा गं. फार बोलू नकोस, थुंकी उडते."

जन्मभर मुलांना इतिहास शिकवलेला माणूस. थट्टा करणार तीही जुन्या काळातलीच. ऑगस्टच्या शेवटी पावाचा रविवार आला. त्या दिवशी डोरीनच्या घराण्यातल्या बाईनं पाव भाजून वरच्या प्लेगाच्या दगडावर ठेवायचा, हा विदरगिलचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. पण डोरीनचा गुडघा दुखत होता म्हणून क्लिफर्डच म्हणाला, "एवढा चढ कशाला चढतेस? ठेव इथंच फरशीवर, मी नेईन वर." नंतर त्यानं खिडकीतूनच कबूल केलं की पाव त्यानं मार्मालेड लावून खाल्ला, आणि छान झाला होता. दोघं भावंडं पोट धरधरून हसली. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

मग साथ गेली. मुखपट्ट्या गेल्या, माणसं पुन्हा एकमेकांच्या स्वयंपाकघरांत बसून तिसऱ्याची उणीदुणी काढू लागली. क्लिफर्ड मात्र फाटकाबाहेर आला नाही. "पुढच्या आठवड्यात बघू," असं म्हणता म्हणता पुन्हा उन्हाळा उजाडला, आणि डोरीन आपली पाव नेऊन ठेवतच राहिली. हट्टी भावापुढं बहिणीनं डोकं तरी किती आपटायचं?

२

जुलैतल्या एका बुधवारी टेकडीवरून धुकं उतरलेलं होतं. डोरीननं पाव ठेवला, ती मागं सरली आणि ओरडली, "ठेवलंय रे!"

टकटक झाली. ती वळली आणि चालू लागली.

चार पावलं गेल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली. काचेचा आवाज तो नव्हताच. लाकडावर लाकूड आपटावं तसा बसका, कोरडा ठोका होता. आणि तो आला होता घरातून नव्हे, घराच्या वरून, जिथं डांबर संपून नुसता गवताचा रस्ता टेकडीवर जातो तिथून. त्या बाजूला ठोकायला लाकूड नाही. झाडसुद्धा नाही. गवत, गवतात बुडलेली वरच्या वाडीची जुनी जोती आणि तो प्लेगाचा दगड.

नॉर्मन कुंपणाचा खांब ठोकत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. नॉर्मन कॅपस्टिकचं कुरण तिकडंच आहे. हा खुलासा तिला चांगला वाटला. टेलिफोनच्या खोक्यापर्यंत तो तिला पुरला. वळण घेतल्यावर मात्र नॉर्मन आपल्या अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला दिसला. त्याचे बूटच बाहेर होते.

"काय गं डोरीन, घाईत?" बुटांनी विचारलं.

"पाऊस येईलसं वाटतंय," ती म्हणाली आणि थांबली नाही.

घरी येऊन तिनं कोट काढला तेव्हा बाहीला व्हिनेगरचा वास येत होता. बशीत तर वर्षभर कोणी थेंब घातला नव्हता. हल्ली क्लिफर्ड पैसे फोनवरूनच पाठवायचा. बशीत शेवाळ धरलं होतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी क्लिफर्डचा फोन आला.

"आज विसरलीस वाटतं."

"काय विसरले?"

"पाव."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ठेवून ओरडले की मी."

मग तो म्हणाला, "हो का? मग असेल. बघतो," आणि त्यानं फोन ठेवला.

३

त्या शनिवारी डोरीननं निघण्याआधीच फोन केला आणि बजावलं, "खिडकीत उभा राहा. मी ठेवते ते बघ. आणि मी वळायच्या आत बाहेर येऊन उचल. ऐकतोयस?"

"बरं बाई."

तो खिडकीत उभा होता. तिनं पाव उंच धरून दाखवला, फरशीवर ठेवला, हात झटकले. क्लिफर्डनं मान हलवली आणि तो जिना उतरायला आत वळला. तेवढ्यात कॅपस्टिकांच्या अंगणात काहीतरी धाडकन पडलं आणि डोरीननं खाली पाहिलं. पुन्हा मान वर केली तेव्हा फरशी रिकामी होती. कापड घडी घालून ठेवलेलं होतं, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

क्लिफर्डचं दार उघडायचं अजून बाकी होतं.

कोल्हा, डोरीन म्हणाली. कावळे. सुट्टीवर आलेले फुकटे. ती मोठ्यानं म्हणाली, म्हणजे आपलं आपल्याला पटेल. पण कापडाची घडी घालणारा कोल्हा तिनं आजवर पाहिला नव्हता.

दार उघडलं. क्लिफर्ड पायरीवर उभा राहिला. त्यानं फरशीकडे पाहिलं आणि त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

लहानपणी जॅमची बरणी फोडून हा असाच म्हणायचा, याच आवाजात. आणि आता पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. गळ्याची कातडी लोंबत होती. सदरा त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसत होता.

"तू जेवतोस का रे?"

"पुरतं तेवढं," तो म्हणाला. "आम्हाला पुरतं."

४

"तुझ्या वरच्या कुरणात कोणी मुक्काम ठोकलाय का?" डोरीननं नॉर्मनला गाठून विचारलं.

"वर? वर मेंढीसुद्धा थांबत नाही या साली. गुडघाभर गवत सोडून सगळ्या खालच्या गडग्याला चिकटून उभ्या असतात."

"का?"

"मेंढीला कारण लागत नाही गं. मेंढीला आणि आमच्या बायकोला." त्यानं हात पुसले. मग तिच्याकडे बघून तो जरा नरमला. "क्लिफर्डबद्दल आहे का काही?"

"खाल्लेलं अंगी लागत नाही त्याच्या."

"बाहेर काढ त्याला. माझी शिडी नेलीय त्यानं साथीच्या आधी. एवढा काय धरून बसलाय? प्लेगातली माणसंसुद्धा इतकी थांबली नसतील."

तो सहज बोलून गेला, पण डोरीन तिथंच उभी राहिली. प्लेगाची ती गोष्ट विदरगिलमध्ये सगळ्यांना पाठ होती आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. रोग वरच्या वाडीत शिरला तेव्हा वरची ती आणि खालची विदरगिल, दोन्ही वाड्यांनी दगडाच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकींना वचन दिलं. वरचे म्हणाले, आम्ही दगडाच्या खाली पाऊल टाकणार नाही; पाव मिळाला की लाकडावर लाकूड ठोकून कळवू. खालचे म्हणाले, आम्ही पाव ठेवू, आणि साथ सरली की येऊन तुम्हाला हाक मारू. क्लिफर्ड दर वर्षी शाळेची मुलं घेऊन तिथं जायचा, जोत्यांवरून हिंडवायचा, हा उंबरा, ही चूल असं दाखवायचा आणि शेवटी म्हणायचा, "दोन्ही बाजूंनी शब्द पाळला." एकदा डोरीनही सोबत होती. एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "मग हाक मारली का सर?" क्लिफर्ड म्हणाला होता, "कुणाला मारणार? कोणी उरलं नसावं." आणि मुलं डबे खायला बसली होती.

पाव ठेवायचा नेम चालू राहिला होता. पाव ठेवायचा, "ठेवलाय!" म्हणून ओरडायचं, आणि मागं न बघता खाली यायचं. दुसऱ्या दिवशी पाव नसायचा. पक्षी नेत असतील, असं सगळेच म्हणत. त्या दगडावर पक्षी बसलेला मात्र डोरीननं कधी पाहिला नव्हता, आणि हे आपण कधी पाहिलं नाही, हेही तिच्या आत्ताच ध्यानात येत होतं.

५

त्या संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा ती वर गेली. फाटकापर्यंतच; त्याच्या पुढं जायचं तिच्या मनात नव्हतं.

तिरप्या उन्हात टेकडीवर जोती स्पष्ट दिसतात. एरवी नुसतं उंचसखल वाटणारं गवत त्या वेळी घरंच्या घरं होऊन उभं राहतं. इथं भिंत, इथं दार, इथं गोठा. डोरीननं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज तिथं आणखी काहीतरी होतं.

प्रत्येक जोत्याच्या दाराच्या जागेतून एकेक पाऊलवाट निघाली होती. गवत दबलेलं होतं, रोजच्या ये-जा करण्यानं दबतं तसं. त्या सगळ्या वाटा एका ठिकाणी मिळाल्या होत्या आणि उतारानं खाली येत होत्या. दगडाशी त्या थांबल्या नव्हत्या. दगडाला मागं टाकून त्या थेट क्लिफर्डच्या गडग्याशी येऊन पोचल्या होत्या.

मेंढ्या, तिनं म्हटलं. पण मेंढ्या रांगेनं चालतात आणि रांगेनं पुढं जातात. इथं फरशीच्या वरच्या अंगाला गवत आडवं, पसरट तुडवलेलं होतं, दुकान उघडायची वाट बघत माणसं घोळक्यानं उभी असावीत तसं. आणि फरशीच्या खालच्या अंगाला, डोरीन उभी होती तिथं, एक पातंही वाकलेलं नव्हतं.

बशी काठोकाठ भरलेली होती. व्हिनेगरचा वास नाकात जात होता.

व्हिनेगर इथं, पाव इथं, हाक इथं. पावाच्या रविवारचा पावसुद्धा दोन वर्षं इथंच. प्लेगाचा दगडच जणू इथं खाली आला होता. तो तिनं आणि क्लिफर्डनंच आणला होता, हसत हसत, आणि क्लिफर्डचं घर आता दगडाच्या वरच्या बाजूला पडलं होतं.

६

"क्लिफर्ड!" ती ओरडली. "बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

तो आला. बागेच्या वाटेनं फाटकापर्यंत आला आणि तिथं अडल्यासारखा उभा राहिला. फाटक सताड उघडंच होतं.

"पाऊल टाक."

"नको गं."

"एक पाऊल टाक, क्लिफर्ड. पुढं मी बघते." तिनं हात पुढं केला.

तो झटकन मागं सरला. "हात लावू नकोस! आत येऊ नकोस! आत आलीस तर तुलाही थांबावं लागेल." त्याला धाप लागली होती. "मला काय यायचं नाहीये का? तुझ्या स्वयंपाकघरातली ती खुर्ची रोज डोळ्यांपुढं येते माझ्या. पण सगळे थांबलेत, मी एकटा कसा येऊ? तसं वचन आहे."

"कुणाचं?"

"आमचं."

ती त्याच्या खांद्यावरून वर बघायचं टाळत होती. तिकडं आवाज नव्हता, पण पुष्कळ माणसं श्वास रोखून ऐकत असली की जशी शांतता असते तशी ती होती.

"कोण आहेत रे ते?"

"शेजारी," क्लिफर्ड म्हणाला. "वाईट नाहीत. दारात उभे असतात नुसते. भूक फार आहे त्यांना, म्हणून पाव देतो मी. लेकरं आहेत त्यांच्यात." मग त्यानं आवाज उतरवला. "डोरीन, खाली साथ खरंच संपली का?"

"कधीच संपली! किती वेळा सांगितलं तुला!"

"मला सांगितलंस गं," तो म्हणाला. "त्यांना कोणी सांगितलं?"

वर कुठंतरी लाकडावर लाकूड आपटलं. क्लिफर्डनं मान वळवली, आईनं हाक मारल्यावर पोर वळवतं तशी, आणि तो घरात निघून गेला.

७

त्या रात्री डोरीनचा डोळ्याला डोळा लागला नाही. काय करायचं ते तिला कळलं होतं. भीती त्याचीच होती. हाक मारायची सोपी आहे, पण हाकेला ओ देऊन काय खाली येईल? त्यांच्या अंगाखांद्यावर काय असेल? ज्या रोगाला तिच्या पूर्वजांनी एका दगडानं अडवलं, त्याला आपण फाटक उघडून घरात घ्यायचं? पुलाखालून ओढा सगळ्या खोऱ्यात जातो. तिनं पोलिसांचा विचार केला, डॉक्टरांचा केला, पाद्रीबाईंचाही केला आणि त्यांना काय सांगायचं याचा विचार करून तिघांनाही सोडून दिलं. नुसतं क्लिफर्डलाच नावानं बोलावलं तर? तसं तर ती वर्षभर बोलावत होती. सगळे थांबलेले असताना तो एकटा येणार नव्हता. लहानपणी खेळातसुद्धा तो गडी सोडून कधी आला नव्हता, गाढव.

आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो उरणार नाही, हेही तिला दिसत होतं.

सकाळी तिनं पाव भाजले. एक नाही, भट्टीत मावले तितके भाजले आणि मोठ्या टोपलीत घातले. दुपारी, ऊन चांगलं लख्ख असताना, ती चढ चढली. नॉर्मननं हात केला. तिनं मानेनंच उत्तर दिलं.

फाटकाशी येऊन तिनं टोपली खाली ठेवली. फरशीवर नव्हे, खाली, रस्त्यावर, स्वतःच्या बाजूला. मग तिनं ती बशी उचलली आणि व्हिनेगर गवतात ओतून दिलं. बशी गडग्यावर आपटली. तिचे तुकडे झाले तेव्हा तिला बरं वाटलं.

"ठेवलंय" हा शब्द सवयीनं ओठांवर आला. तो तिनं गिळला.

"संपली!" ती ओरडली. "साथ संपली! कधीच संपली. आमचं चुकलं, आम्ही सांगायला आलो नाही. आता या. सगळे खाली या. लेकरांना घेऊन या!"

टेकडीवर वारा होता तो पडला. लाकडाचा ठोका एकदा झाला, आणि मग लाकूड कुठंतरी दगडावर टाकून दिल्याचा आवाज आला, काम संपल्यावर टाकून देतात तसा.

डोरीन वळली. मागं बघायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईनं, तिच्या आधीच्या सगळ्या बायांनी, याच रस्त्यावर पाळलेलं होतं ते. फाटकाची कडी वाजली. कोणीतरी वाटेवरची खडी तुडवत जवळ आलं, आणि एक हाडकुळा हात तिच्या दंडाला लागला. ती किंचाळणार होती, पण त्या हातानं चिमटा काढला. असा चिमटा काढणारा जगात एकच माणूस होता.

"बघू नकोस हं," क्लिफर्ड पुटपुटला.

"मला शिकवू नकोस. चाल."

ती दोघं चालू लागली, आणि मागून पावलं आली. आधी थोडी, अडखळत, आजाऱ्यानं अंथरुणातून उठून चालावं तशी. मग पुष्कळ. अनवाणी आणि जड बुटांची, काठी टेकणारी, धावत पुढं जाऊन पुन्हा मागं येणारी. टोपलीचा वेत करकरला. कोणी बोलत नव्हतं. डोरीनच्या मानेवर गार हवा लागत होती आणि तिला व्हिनेगरचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा एक, ओल्या मातीचा. आता खांद्यावर हात पडेल, असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. क्लिफर्डची बोटं तिच्या दंडात रुतली होती.

टेलिफोनच्या खोक्याशी रस्ता वळतो. तिनं नजर जमिनीवर ठेवली होती. पण वळताना ती क्षणभर वर गेली, आणि खोक्याच्या काचेत मागचा रस्ता उमटलेला होता. तिनं पाहिलं ते एवढंच: रस्ता कडेपर्यंत भरलेला, आणि सगळ्यात पुढं एक हात, कपाळावर आडवा धरलेला, डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. बाईचा हात. दुसऱ्या हातात पावाचा तुकडा होता आणि तो ती खाली, कुणा लहानग्याला देत होती.

तेवढंच. काच मागं पडली. पण त्या हातात भिण्यासारखं काही नव्हतं, हे डोरीनला कळलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तिच्या घरापाशी ती दोघं बाजूला झाली आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी राहिली. पावलं दोन्ही अंगांनी पुढं गेली. पुलावर ती पोकळ वाजली. पुलापलीकडे कोणी डावीकडे वळलं, कोणी उजवीकडे, आणि आवाज पातळ होत होत गेला. शेवटचं एक पाऊल पुलावर जरा रेंगाळलं. मग तेही गेलं. ओढ्याचं पाणी ऐकू येऊ लागलं, आणि कॅपस्टिकांच्या मेंढ्या टेकडीवर सगळ्या एकदम ओरडायला लागल्या.

डोरीननं डोळे उघडले. रस्ता रिकामा होता. शेजारी तिचा भाऊ उभा होता, उन्हात डोळे बारीक करत, घरातल्याच चपला घालून.

"डोरीन," तो म्हणाला, "चहा ठेवतेस का? आणि मार्मालेड आहे का गं?"

८

पावाच्या रविवारी दोघं मिळून वर गेली. क्लिफर्डच्या अंगावर बऱ्यापैकी मांस चढलं होतं. तो डोरीनच्याच घरी राहत होता आणि तिच्या भांडी घासण्यात चुका काढत होता. नॉर्मनला शिडी परत मिळाली होती. "एक पायरी सैल झालीय," अशी त्याची तक्रार होती.

फाटकापुढचं गवत उभं राहिलं होतं. जोत्यांकडून येणाऱ्या वाटा दिसत नव्हत्या, आणि मेंढ्या थेट उंबऱ्यांच्या जागी बसून रवंथ करत होत्या.

"आता ठेवायचा तरी कशाला?" क्लिफर्डनं विचारलं.

"नेम आहे म्हणून."

डोरीननं पाव दगडावर ठेवला. खळग्यात पावसाचं पाणी होतं, आणि त्याला पावसाचाच वास होता. ती मागं सरली. ओरडायला तोंड उघडलं, पण काय ओरडायचं ते सुचेना. म्हणून ती नुसतीच उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपण वळलेलो नाही. आपण बघतोय.

दगडावर पाव होता, आणि त्याच्यापलीकडे ऊन पडलेली टेकडी.

पंख फडफडले. एक कावळा गडग्यावर उतरला. त्यानं मान वाकडी करून दोघांकडे पाहिलं, उडी मारून तो दगडावर गेला आणि त्यानं पावात चोच खुपसली. पावाची साल टणक होती. त्यानं पुन्हा खुपसली. मग दुसरा आला, आणि दोघं भांडायला लागले.

डोरीनचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला भावाचा दंड धरावा लागला.

"हसायला काय झालं?" क्लिफर्ड म्हणाला. "एवढा चांगला पाव."

"खाऊ दे रे," डोरीन डोळे पुसत म्हणाली. "पोटभर खाऊ दे त्यांना."